ड्रायव्हरशेजारची जागा

८ जानेवारी

कागद पुढ्यात घेतला आणि पहिल्याच ओळीला अडले. लहानपणी तुला ज्या नावाने हाक मारायचे ते आता विरळ केसांच्या माणसाला शोभायचं नाही, आणि ‘आदरणीय’ लिहायला तू काही बँकेचा मॅनेजर नाहीस. असलास तरी माझ्यासाठी नाहीस. तेव्हा वरची जागा मोकळीच सोडली आहे. राग मानू नकोस.

मी तुमच्या समोरची टेलरबाई. गाड्यांच्या सीटा शिवणारी. तुझी सुईमावशी, जिच्या दुकानात तू काथ्याच्या ढिगात लपून बसायचास आणि मग संध्याकाळभर अंग खाजवायचास. विसरला असशील तर आठवण करून दिली.

तुझे बाबा गेल्याचं हॉस्पिटलने तुला कळवलंच आहे. ‘येणं जमणार नाही’ हा तुझा निरोपही मला तिथल्या नर्सने वाचून दाखवला. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. बोलायचं असतं तर फोनच केला असता. पण फोनवर समोरचा गप्प बसला की मी सैरभैर होते आणि भलतंच बोलत सुटते. तू गप्प बसणार हे मला ठाऊक होतं, म्हणून पत्र.

ते शांतपणे गेले, एवढं तुला कळावं. खोलीत फार काही नव्हतं. कपडे मी देऊन टाकले. बूट ठेवलेत, कारण त्यांना असं काही पॉलिश होतं की दुसऱ्याला द्यायला हात होईना. युद्धातली पदकं कुठे असतील म्हणून सगळी खोली पालथी घातली, तर ती निघाली गॅरेजमध्ये, जुन्या स्पार्क प्लगच्या डब्यात, तळाशी, एकमेकांवर आपटून चेपलेली. प्लग मात्र प्रत्येक वेगळ्या फडक्यात गुंडाळलेला. ज्याच्यावर जीव असेल त्याला फडकं, बाकीच्यांनी आपलं आपण बघावं, अशी त्यांची रीत होती.

आता मुद्द्याचं. त्यांची निळी गाडी अजून गॅरेजमध्येच आहे, रस्त्याकडे तोंड करून. त्यांनी ती भिंतीकडे तोंड करून कधी लावली नाही. मी एकदा विचारलंही होतं, “अहो ड्रायव्हरसाहेब, कुठे पळून जायचंय?” तर म्हणाले, “टेलरबाई, पळायची वेळ येते ना, तेव्हा रिव्हर्स घ्यायला सवड नसते.” सैन्यात लॉरी चालवलेला माणूस, त्याच्याशी कोण वाद घालणार.

गॅरेजच्या मालकीणबाईंना फेब्रुवारीअखेर जागा मोकळी करून हवी आहे. बाई वाईट नाहीत, पण त्यांचा जावई त्यांच्या डोक्यावर बसला आहे. जुन्या गाड्या भाड्याने देणारा एक व्यापारी गाडीवर डोळा ठेवून आहे. तुझी सही मिळाली की तो ती ओढून नेईल. माझं म्हणणं एवढंच की तू ये, एकदा बघ, आणि तुझी तू घेऊन जा. व्यापाऱ्याच्या हाती गेली तर तो तिला गुलाबी रंग देईल. त्याच्या दारात एक गुलाबी उभी आहे, मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

समोरची
टेलरबाई


१९ जानेवारी

उत्तर नाही. बरं.

मीही काही रोज टपालाची वाट बघत बसलेले नाही. म्हणजे बसलेली असते, पण ते दुकान उघडं ठेवायचं म्हणून. हल्ली काम कुणी आणत नाही. नव्या गाड्यांच्या सीटा फाटल्या की अख्ख्या बदलतात, टाका घालत नाहीत. मी मशीनला तेल घालते, दुकान झाडते आणि बसते. समोर गॅरेजचं शटर दिसतं. सकाळी त्याचा खडखडाट झाला की माझा दिवस सुरू व्हायचा. आता सुरू झाल्याचं कळतच नाही, एकदम दुपारच होते.

तुला त्यांच्या मेळाव्यांबद्दल माहीत नसेल. ते खूळ तू गेल्यानंतरचं. वर्षातून एकदा मोठ्या मैदानात जुन्या गाड्या जमतात. मालक हॅट घालून आपापल्या गाडीशी उभे असतात आणि परीक्षक हातात कागद घेऊन फिरतात. बाबांना हॅटवाल्यांशी काही देणंघेणं नव्हतं. ते रांगांमधून हिंडत इंजिनं ऐकायचे. एखाद्या गाडीशी उभं राहून डोळे मिटायचे आणि मला हळूच सांगायचे, “हिचा तिसरा दुखतोय.” तिसरा म्हणजे सिलिंडर. दुखतोय हाच शब्द. मग दिवसभर त्या गाडीची काळजी करत राहायचे, मालक तिकडे आइस्क्रीम खात असायचा.

मी अर्थातच मागच्या सीटवर. मैदानात शिरताना लोकांना वाटायचं, कुणी बडी बाई ड्रायव्हर घेऊन आली आहे. टाळ्या वाजवायचे. मग मीही हात हलवायचे. बोटांना दाभणाची भोकं पडलेली, पण लांबून कुणाला दिसतात. बाबा आरशातून बघायचे आणि मिशीत हसायचे.

मग परीक्षक यायचा. बाहेरून गाडी बघून खूश व्हायचा, पुढचं दार उघडायचा आणि तिथेच थबकायचा. ड्रायव्हरशेजारी सीट नाही. सीटच्या जागी लोखंडी हत्यारपेटी, जमिनीला बोल्टने आवळलेली.

“गाडी अपुरी आहे,” परीक्षक म्हणायचा.

“हो,” बाबा म्हणायचे.

“अहो, सीट बसवून घ्या. बाकी गाडी नंबरात येण्यासारखी आहे.”

“बघू.”

हे ‘बघू’ दर वर्षी व्हायचं. एकदा परीक्षक बदलला, पण संवाद तोच झाला.

ती पेटी तू विसरणं शक्य नाही. तिच्यापायी तुझी आई मागे बसायची आणि तूही मागे. शाळेच्या फाटकाशी पोरं विचारायची, ‘तुझा बाप कुणाचा ड्रायव्हर आहे रे?’ आणि तू माझ्या दुकानात येऊन, चामड्याच्या गुंडाळ्यांमागे तोंड घालून रडायचास. तुझ्या आईला मात्र त्याची मजा वाटायची. मागून हुकूम सोडायची, “ड्रायव्हर, डावीकडे घ्या.” बाबा टोपीला हात लावायचे. पेटी का, हे तिने त्यांना कधी विचारल्याचं मी ऐकलं नाही. त्यावरून मला वाटतं, तिला ठाऊक असणार.

ती गेली आणि त्यांना डावीकडे घ्या म्हणणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी म्हणायला लागले. पण माझं डावं-उजवं पहिल्यापासून कच्चं. आम्ही एकदा भलत्याच गावात जाऊन पोचलो. बाबा म्हणाले, “हुकूम तो हुकूम,” आणि तिथेच चहा घेऊन परतलो.

व्यापारी परवा पुन्हा येऊन गेला. त्यालाही तेच, “बाई, या गाडीची पुढची सीट कुठे आहे?” मी म्हटलं, मला काय ठाऊक. ते खरं नाही, पण त्याच्याशी खरं बोलायला तो माझा लागतो कोण?

उत्तर दे. दोन ओळी लिहिल्यास तरी चालतील.

टेलरबाई


३० जानेवारी

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून हातातली कात्री खाली पडली, पायावर पडायची राहिली. आणि आत काय? ‘गाडी विकून टाका. मला त्यातलं काही नको. सहीचा कागद जोडला आहे.’

दोन ओळी चालतील असं मीच लिहिलं होतं, त्यामुळे तक्रारीलाही जागा नाही.

पण राग आला, तो लपवणार नाही. तो कागद मी टेबलावर टाकला आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. परत येऊन बघितलं तर कागदाची घडी अगदी बाबांसारखी. आधी कड नखाने दाबून घ्यायची आणि मग दुमडायचं. त्यांचे नकाशे असेच असायचे. तू त्यांचं काही घेतलं नाहीस असं तुला वाटत असेल, तर ही एक गोष्ट तरी तू नेलीस.

आता एक सांगते, जे त्यांनी मला तुला कळवू दिलं नव्हतं. शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकले. गाडी चालवायची बंदी झाली, परवाना परत गेला. मला वाटलं, आता या माणसाचं कठीण आहे. पण रविवारी सकाळी शटर वर गेलं आणि नेहमीची हाक आली, “टेलरबाई, चला!”

मी हातातलं टाकून धावले. म्हटलं, हा आंधळा माणूस आज स्वतः मरणार आणि कुणालातरी मारणार. बघते तर ते टोपी घालून स्टिअरिंगवर बसलेले, इंजिन बंद, गाडी जागच्या जागी.

“बसा मागे.”

मी बसले. आणि मग त्यांनी गाडी नेली.

“आता नाका आला, हॉर्न देतो.” हॉर्न खराखुरा द्यायचे, गल्लीतलं कुत्रं उठून भुंकायचं. “आता चढ आहे, दुसऱ्यात घेतो.” गिअर खरोखर टाकायचे. मी मागून म्हणायचे, “हळू घ्या, पुढे ट्रक आहे.” “दिसतोय मला,” ते जरा चिडून म्हणायचे. त्यांना माझं ड्रायव्हिंग शिकवणं कधीच आवडलं नाही.

असे आम्ही नदीवर जाऊन आलो, डोंगरात जाऊन आलो. एकदा समुद्रावर गेलो. परतीच्या वाटेवर मला डुलकी लागली, वय झालं आता. त्यांनी मला उठवलं नाही. आपले एकटेच चालवत आले. पोचल्यावर हँडब्रेक ओढल्याच्या आवाजाने मला जाग आली, आणि खरं सांगते, क्षणभर मला वाटलं की आम्ही फार लांबून आलोय.

आता मी दुपारी किल्ली घेऊन जाते. मागच्या सीटवर बसते. ‘चला’ म्हणते. पुढे कुणी नाही. काही वेळाने उतरते, शटर ओढते आणि दुकानात येते. सांगायला लाज वाटते, पण मला दुसरं कुणी नाही रे. इतकी वर्षं एका माणसाशी भांडून दिवस काढले, आता कुणाशी भांडू? मालकीणबाईंशी भांडायचा प्रयत्न करून पाहिला, त्या लगेच हो म्हणतात.

तुझी सही आल्याचं मी व्यापाऱ्याला सांगितलेलं नाही. तो म्हणतो, सीट मिळाली नाही तर दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची आणून ठोकून बसवतो, कुणाला कळतंय! हे ऐकल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. त्या जागी भलतीच सीट बसवून, तिच्यावर भाड्याचं गिऱ्हाईक बसवून हा गावभर फिरवणार.

त्या जागेबद्दल मला एक गोष्ट ठाऊक आहे, आणि ती तुझी आहे. बाबा मला म्हणाले होते, “त्याने विचारलं तर सांगा. आपणहून नको.” म्हणून मी तू विचारायची वाट बघतेय. पण तुझ्या पत्रात एक साधं प्रश्नचिन्ह नाही. मी उलटून मागची बाजूही पाहिली.

टेलरबाई


७ फेब्रुवारी

तू विचारत नाहीस. मग मी न विचारताच सांगते. त्यांच्या शब्दाबाहेर मी आजवर गेले नाही, पण शब्द पाळला तर गोष्ट माझ्याबरोबर या दुकानातच संपेल. माझंही वय काही थांबून राहिलेलं नाही.

आधी त्या दिवसाचं. तुझ्या बाजूने तुला माहीत आहे, माझ्या दारातून कसं दिसलं ते ऐक.

तू नुकता नोकरीला लागला होतास. भंगारवाल्यांच्या दारोदार हिंडून तू याच गाडीच्या जोडीची सीट शोधून आणलीस. उंदरांनी पोखरलेली, स्प्रिंगा बाहेर आलेल्या. मी ती उसवली आणि नव्याने भरून शिवायला घेतली. तू रोज कामावरून येऊन बघायचास, “मावशी, कडेचं पाईपिंग मागच्या सीटसारखंच येतंय ना?” मी म्हणायचे, “नाही, मी झालर लावणार आहे.” तुझा जीव नुसता वर-खाली.

बाबांच्या वाढदिवशी ते पेपर आणायला गेले, तेवढ्यात तू पेटी काढलीस आणि सीट बसवलीस. आणि तिच्यावर जाऊन बसलास, शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं बसतात तसा, दोन्ही हात मांडीवर ठेवून. ते आले. तू म्हणालास, “चला बाबा, आज मी पुढे!”

मी माझ्या दारात उभी होते. त्यांच्या चेहऱ्याचा सगळा रंग गेला. “काढ ते,” म्हणाले. तुला वाटलं थट्टा करतायत, तू हसलास. मग ते गुडघ्यांवर बसले, पाना घेतला, आणि तू वर बसलेला असतानाच खालचा बोल्ट सोडवायला लागले. तू त्यांच्याकडे बघत होतास, ते तुझ्याकडे बघत नव्हते. दुसऱ्या बोल्टला तू उतरलास. त्या संध्याकाळी तू गावच सोडलंस.

आता तुझ्या पाठीमागचं. तू गेल्यावर त्यांनी आणि मी ती सीट उचलून रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आणली. आत लोखंडी सांगाडा आहे, भलती जड. दारात अडकली, माझं बोट चेमटलं. ते म्हणाले, “माफ करा.” मला म्हणाले की सीटला, कुणास ठाऊक. मग म्हणाले, “टाकू नका, टेलरबाई. छान शिवली आहे.”

तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे, मशीनसमोर. मी तिच्यावर बसूनच शिवते. व्यापारी सीट कुठे म्हणून विचारत होता, तेव्हाही मी तिच्यावरच बसले होते, वर शाल पसरून.

आणि आता ती गोष्ट. ती त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितली, दिसेनासं झाल्यावर, अशाच एका बंद गाडीतल्या फेरीत. ते पुढे, मी मागे. एकमेकांची तोंडं दिसत नव्हती, म्हणून बोलले असतील. मी म्हटलं होतं, “ड्रायव्हरसाहेब, पोराला एक पत्र टाका की. काय एवढं त्या सीटचं घेऊन बसलात?” ते चालवत राहिले. मग म्हणाले, “टेलरबाई, आता इथून कच्चा रस्ता आहे.”

मला वाटलं नेहमीचा खेळ. पण त्यांनी हॉर्न दिला नाही.

“आम्ही मागे हटत होतो,” म्हणाले. “लॉऱ्यांची लांब रांग. हुकूम होता, थांबायचं नाही, रांग तोडायची नाही, वाटेत कुणाला घ्यायचं नाही. एक थांबली की मागच्या सगळ्या अडकतात, आणि वर विमानं. हुकूम बरोबर होता. आजही म्हणतो, बरोबर होता. माझा जोडीदार सकाळीच दुसऱ्या लॉरीवर गेलेला, शेजारची सीट रिकामी. वळणावर एक जण उभा होता. आमच्यातलाच. पायाला शर्ट गुंडाळलेला. त्याने हात केला नाही, ओरडला नाही. मी हळू झालो वळणाला, तेव्हा त्याने खिडकीतून आत पाहिलं. माझ्याकडे नाही हो. सीटकडे पाहिलं. रिकामी आहे हे त्याने पाहिलं.”

“मग?”

“मग काय. ब्रेकवर पाय ठेवला होता मी. ठेवला होता. दाबला नाही.”

‘पुढे ट्रक आहे’ म्हणायची ती वेळ नव्हती.

मग म्हणाले, “पुढच्या मुक्कामाला ती सीट मी काढून टाकली. साहेब ओरडले. मी म्हटलं, हत्यारं ठेवायला जागा पाहिजे. नंतर ही गाडी घेतली, तेव्हा पहिलं काम तेच केलं. जागाच नसली म्हणजे कुणाला घेतलं नाही असं होत नाही.”

मी म्हटलं, “अहो, पण बायको बसली असती, पोरगा बसला असता. रिकामी कशाला राहिली असती?”

“कधीतरी उतरले असते ना,” म्हणाले. “उतरले की मग परत मी आणि ती रिकामी सीट.”

“आणि हे त्याला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? तुझा बाप थांबला नाही म्हणून? बाप चक्रम आहे असं वाटलं तर मुलं वाढतात तशीही. हे कळल्यावर तो माझ्या मागे बसला असता का?” मग ते ‘त्याने विचारलं तर सांगा’ म्हणाले, आणि हँडब्रेक ओढला.

तुला हे कळून सगळं ठीक होईल असं मी म्हणत नाही. त्यांनी तुला दुखावलं ते दुखावलंच. मी तेव्हाही त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं की तुम्ही पोराशी वाईट वागलात, आणि ते ‘हो’ म्हणाले होते. पण तू इतकी वर्षं हे धरून बसला आहेस की बाबांना शेजारी तू नको होतास. तसं नव्हतं रे. तू उतरशील याची त्यांना धास्ती होती, आणि त्या धास्तीपायी त्यांनीच तुला उतरवलं. मी रडतेय, म्हणून शाई फुटली आहे. अक्षर लागलं नाही तर तेवढा भाग सोडून दे.

तुझ्या सहीचा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. वीस तारखेला व्यापारी कुठलीतरी सीट घेऊन येणार आहे. तोपर्यंत मी तो बाहेर काढणार नाही. नंतर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही.

सुईमावशी


१६ फेब्रुवारी

बाळा,

तुझं पत्र मिळालं. एकच ओळ. ‘मावशी, ती सीट अजून आहे का?’

शेवटी प्रश्नचिन्ह आहे. मी कागद खिडकीशी नेऊन पाहिला, चष्मा पुसून पाहिला. आहे.

सीटही आहे. डावी कड माझ्या बसण्याउठण्याने झिजली होती, ती मी कालच उसवून पुन्हा शिवली. मागे एकदा तिच्यावर चहा सांडला होता, त्याचा डाग बघणाऱ्याला दिसेल. मधली स्प्रिंग जरा बसली आहे, त्याला माझं वजन कारण. पाईपिंग अगदी मागच्या सीटसारखंच आहे. झालर लावलेली नाही.

तुझं पत्र वाचलं आणि मी बाबांचा पाना घेऊन गॅरेजमध्ये गेले. म्हटलं, पेटी तरी सोडवून ठेवू. बोल्ट गंजून बसले असतील, कुणाला तरी बोलवावं लागेल, अशी तयारी ठेवून गेले होते. पहिल्याच झटक्याला सुटला. सगळेच सुटले. प्रत्येकाला ताजं ग्रीस. ज्या पेटीला कुणी हात लावायचा नाही, तिचे बोल्ट ग्रीस लावून कशाला ठेवायचे, याचा विचार करत मी पेटी ओढून बाजूला केली. तिच्याखाली एक फडकं होतं. पिवळं, धुतलेलं, नीट घडी घातलेलं, कड नखाने दाबलेली. आत तुझे बोल्ट. तू सीटसाठी आणलेले, त्या दिवशी त्यांनी सोडवलेले, सगळेच्या सगळे. त्यांनाही ग्रीस. डोळे गेल्यावर ते कधीतरी हाताने चाचपत ते काढत असतील, पुसत असतील आणि परत ठेवत असतील. मी रस्त्यापलीकडे बसलेली असूनही मला याचा पत्ता नव्हता.

मी गॅरेजच्या जमिनीवर बसून राहिले. मालकीणबाई डोकावल्या, त्यांना वाटलं मी पडले. म्हटलं, नाही हो, जरा बसले आहे. त्यांनी काही न विचारता मला पाणी आणून दिलं. त्यांच्याशी आता भांडणार नाही.

व्यापाऱ्याला निरोप पाठवला आहे, गाडीचा मालक येतोय. तू येतो असं लिहिलेलं नाहीस, हे मला कळतं. पण मी कळवून टाकलंय. तुझा सहीचा कागद फाडलेला नाही, आल्यावर तुझ्या हाताने काय करायचं ते कर.

चालवणार तू. म्हणजे शेजारी कुणीतरी लागेल. मी बसते. आयुष्यभर मागून रस्ता पाहिला, आता पुढून बघू कसा दिसतो. उतरायची मला अजिबात घाई नाही.

एकच अडचण आहे. सीट समोर न्यायची म्हणून मी ती सकाळी एकटीने ओढायला घेतली. दारापर्यंत आली आणि तिथेच अडकली, त्याच जागी, जिथे मागे अडकली होती. आता ती धड आत नाही आणि धड बाहेर नाही. मला आत जाता येत नाही, म्हणून दारातच तिच्यावर बसून तुला लिहितेय. येणारे-जाणारे बघून हसतायत. समोर गॅरेजचं शटर मी वर करून ठेवलंय.

ही सीट उचलायला दोन माणसं लागतात.

तुझी
सुईमावशी